ब्रॅडफिल्ड (इंग्लंड)

ब्रॅडफिल्ड ही यॉर्कशरमधली जुनी टाउनशिप, शेफिल्डच्या वायव्येला साधारण 10 किलोमीटरवर. टाउनशिप म्हणजे बिल्डरची स्कीम नाही हां, तिकडे मोठ्या चर्च-पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या इलाख्याचे, असे भाग पाडलेले असायचे आणि गरिबांसाठीचा कर, रस्ते वगैरे कारभार प्रत्येक भाग आपापला बघायचा. ब्रॅडफिल्ड एक्लसफिल्ड पॅरिशमध्ये यायचं, वस्ती विरळ, मेंढ्या, माळरान आणि दोन मुख्य गावं, वरचं हाय ब्रॅडफिल्ड आणि खालचं लो ब्रॅडफिल्ड. वरच्या गावात सेंट निकोलस चर्च आहे, शेजारी बेली हिल नावाची नॉर्मन काळातली गढी, आणि 1745 ची एक चौकी, जिथून म्हणे पुरलेली प्रेतं चोरणाऱ्यांवर नजर ठेवायचे!

शेफिल्ड सुरी-कात्र्यांचं आणि पोलादाचं शहर, त्यामुळे इथल्या लॉक्सली नदीवर पाणचक्क्या लावून पाती घासायचं काम आधीपासून चालायचं. पण शहर वाढलं तसं प्यायलाही पाणी कमी पडायला लागलं आणि वॉटर कंपनीने इथे डेल डाइक धरण बांधायला घेतलं. 11 मार्च 1864 ला पहिल्यांदाच भरत आलेल्या या मातीच्या धरणाला संध्याकाळी एका मजुराला बारीकशी भेग दिसली. साइटवरचे इंजिनियर जॉन गन्सन रात्री शहरातून आले, दाब कमी करायला सांडव्याची भिंत सुरुंगाने उडवायचा प्रयत्न केला पण दारू पेटलीच नाही, आणि साडेअकराच्या सुमारास धरण फुटलं. लो ब्रॅडफिल्डमध्ये बऱ्याच लोकांना वेळेत कळलं म्हणून ते वाचले, तिथे गेलं ते दोन दिवसांचं एक बाळ. खाली मालिन ब्रिज नावाच्या वस्तीपासून शेफिल्डपर्यंत लोक झोपेत होते, एकूण किमान 240 माणसं गेली. धरण का फुटलं यावर इंजिनियर लोक पुढे कितीतरी वर्षं भांडत राहिले.

एवढं होऊनही शहराची तहान काही भागली नाही, 1875 मध्ये थोडं वर नवीन, लहान धरण झालं आणि एगडेन, स्ट्राइन्स, डॅमफ्लास्क हे तलावही याच हद्दीत आले. 1974 मध्ये ब्रॅडफिल्ड शेफिल्डच्या हद्दीत गेलं, पॅरिश कौन्सिल, म्हणजे तिकडची ग्रामपंचायत, मात्र अजून वेगळी आहे. जुनं धरण होतं तिथे आज झाडीत दगड दिसतात, त्यावर फक्त 'सी एल ओ बी' कोरलंय, म्हणजे 'सेंटर लाइन ऑफ ओल्ड बँक', जुन्या बांधाची मध्यरेषा.