एसकेएस कार्बाइन

एसकेएस ही सोव्हिएत रशियात तयार झालेली, ७.६२×३९ मि.मी. काडतुसाची अर्धस्वयंचलित रायफल. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. लष्करी इतिहासात तिच्या वाट्याला फारशी जागा आलेली नाही. तिची खरी कारकीर्द घडली ती शीतयुद्ध संपत आल्यावर, अमेरिका आणि कॅनडाच्या नागरी बाजारात. ‘स्वस्तातली जुनी रायफल घ्यावी, की चार पैसे जास्त घालून एआर-१५ सारखी आधुनिक?’ हा तिथला जुना वाद बराच काळ एसकेएसभोवतीच फिरत आला आहे.

सेर्गेई सिमोनोव्ह (१८९४–१९८६) याने ती रचली. १९४५ मध्ये काही नमुने युद्धआघाडीवर वापरून पाहण्यात आले आणि १९४९ मध्ये ती सैन्यात रीतसर दाखल झाली. पण त्याच वर्षी कलाश्निकोव्हची एके-४७ ही दाखल झाली. दोन्हींचे काडतूस एकच, आणि एके त्यावर सलग गोळीबारही करणारी. त्यामुळे पाच-सात वर्षांतच एसकेएस मागे सरली. रशियात तिचे उत्पादन मुख्यतः तुला येथे झाले, थोडे इझेव्स्कला. मॉस्कोच्या सन्मान पथकाच्या हातात मात्र ती आजही दिसते. चीनने ती ‘टाइप ५६’ या नावाने लाखोंच्या संख्येत काढली. युगोस्लाव्हियात क्रागुयेवात्सच्या झास्तावा कारखान्याने ‘एम ५९/६६’ बनवली. तिच्या नळीच्या टोकाला रायफल-ग्रेनेड डागण्याची सोय आहे. रुमानिया, अल्बानिया, पूर्व जर्मनी, उत्तर कोरिया यांनीही आपापल्या आवृत्त्या केल्या.

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली एसएलआर हीसुद्धा ७.६२ ची, पण तिचे काडतूस ७.६२×५१, म्हणजे लांब आणि बरेच जोरकस. नळीचा व्यास सारखा म्हणून काडतुसे अदलाबदल करता येतात असे मुळीच नाही. भारतात ७.६२ बोअरची अर्धस्वयंचलित रायफल ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये मोडते, त्यामुळे सर्वसाधारण परवानाधारकाला तिच्या किमतीची चौकशी करण्याचेही कारण पडत नाही. या नोंदीतला हिशेब तिकडचाच आहे.

एसकेएसचे वजन रिकामी असताना पावणेचार किलोच्या वर आणि लांबी एक मीटरच्या थोडी पुढे. रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा सामावणारा मधला सांगाडा, पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला, दस्ता लाकडी, नळीखाली घडीची संगीन. मॅगझिन रायफलीला कायमची जोडलेली आणि दहाच काडतुसांची. दहा काडतुसांची पट्टी वरून खाचेत बसवायची आणि अंगठ्याने एका दमात खाली दाबायची. जमले तर दोन-तीन सेकंदांचे काम; नाही जमले तर अंगठ्याची साल निघते. दहावी गोळी सुटली की बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा) मागेच अडकून राहतो, म्हणजे रायफल रिकामी झाल्याचे लगेच कळते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या सुरुवातीला नोरिन्को या चिनी कंपनीच्या एसकेएस अमेरिकेत पेट्याच्या पेट्या उतरल्या. किंमत शंभर डॉलरच्या आसपास, कधी त्याहून कमी. कॉल्टची एआर-१५ त्या काळी याच्या कितीतरी पट महाग. एवढ्या मेहनतीने कोरलेली रायफल या भावात नव्याने बनवणे अमेरिकेतल्या कोणत्याही कारखान्याला परवडले नसते. इथे भाव परवडत होता, कारण यांतल्या बऱ्याच रायफली बनवण्याचा खर्च सरकारने आधीच सोसलेला होता आणि गोदाम रिकामे करून डॉलर मिळवणे एवढाच विक्रेत्याचा हेतू होता. स्वस्ताई रायफलीच्या अंगची नव्हती. ती राजकारणाची होती. वाद घालणारे नेमके हेच विसरतात.

आणि राजकारण फिरले तसा भावही फिरला. मे १९९४ मध्ये क्लिंटन प्रशासनाने चीनची व्यापारी सवलत चालू ठेवली, पण चिनी बंदुकांची आयात बंद केली. १९९६ मध्ये रशियाशी करार होऊन तिकडच्या बऱ्याच बंदुकांनाही दार बंद झाले. २००० नंतर युगोस्लाव्ह एसकेएसची एक मोठी लाट आली आणि ओसरली. आता नवा माल जवळजवळ येत नाही. चांगल्या स्थितीतली चिनी एसकेएस पाचशे डॉलरच्या पुढे जाते, रशियन त्याहून वर. सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळत असतील तर संग्राहक आणखी मोजतात. ज्यांनी नव्वदच्या दशकात लाकडी दस्ता फेकून काळे प्लॅस्टिक बसवले, त्यांनी स्वतःच्या हाताने रायफलीची किंमत उतरवून घेतली.

दुसऱ्या बाजूला एआर-१५ चे उलटे झाले. यूजीन स्टोनरने आर्मालाइटमध्ये घडवलेली ही रचना, हक्क कॉल्टने १९५९ मध्ये विकत घेतले, आणि १९७० च्या दशकात मूळ पेटंट संपले. अशा अर्धस्वयंचलित रायफलींवर अमेरिकेने १९९४ मध्ये घातलेल्या बंदीची मुदत २००४ मध्ये सरल्यावर तर उत्पादकांची रांगच लागली. ॲल्युमिनियमचे रिसीव्हर संगणकीय यंत्रांवर भराभर तासले जातात, भाग एकमेकांना चालतात, स्पर्धा गळेकापू आहे. परिणामी साधी एआर आज चारशे-पाचशे डॉलरला मिळते. नामांकित कंपन्यांची दोन हजारांच्या पुढे जाते. म्हणजे अमेरिकेपुरते बोलायचे तर ‘स्वस्त एसकेएस विरुद्ध महाग एआर’ हा प्रश्नच आता कालबाह्य झाला आहे. स्वस्त रायफल हवी असेल तर एआर घ्यावी, हे तिथले आजचे सरळ उत्तर.

नेमबाजीतही पारडे एआरकडेच झुकते. शंभर यार्डांवर एसकेएसच्या गोळ्या तीन-चार इंचांच्या घेरात पडतात. बरी एआर चांगल्या काडतुसांवर इंच-दीड इंचात टाकते. एआरच्या माथ्यावर दुर्बीण बसवायला पक्की पट्टी असते. एसकेएसचे वरचे झाकण सफाईसाठी निघणारे, त्यावर दुर्बीण लावली की ती हलते आणि नेम पुन्हा पुन्हा जुळवत बसावे लागते. चापही जड आणि खरखरीत. शिकारीत मात्र जुनी रायफल टिकून आहे. तिची आठ ग्रॅमची गोळी .३०-३० या जुन्या हरण-काडतुसाच्या जवळपास जाते, तर एआरचे .२२३ काडतूस हरणासाठी हलके म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांत चालत नाही.

विकत घेण्याच्या किमतीपेक्षा पुढचा खर्च मोठा असतो, तो काडतुसांचा. एसकेएसच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा होता रशियन पोलादी केसची स्वस्त काडतुसे. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने थांबवले आणि तो मुद्दाही लंगडा झाला. जुनी लष्करी काडतुसे अजून कुठे मिळतात, पण त्यांतल्या अनेकांच्या प्रायमरमुळे (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीमुळे) नळीत क्षार उरतो. तो हवेतली ओल ओढून घेतो आणि गंज चढवतो, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवावी लागते. रशियन आणि बहुतेक चिनी नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा असल्याने त्या तग धरतात. युगोस्लाव्ह नळ्यांना तो नाही.

गोदामातून आलेल्या एसकेएसवर कॉस्मोलिन नावाच्या गंजरोधक ग्रीसचे जाड पुट असते. उन्हात ठेवल्यास लाकडातूनही ते तपकिरी थेंबांनी पाझरत राहते. ही सफाई म्हणजे केवळ हौस नव्हे. बहुतेक एसकेएसमध्ये फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईला, स्प्रिंग नसते, ती बोल्टमध्ये मोकळी सरकते. ग्रीसने ती पुढे चिकटली तर बोल्ट बंद होताच बोट चापावर नसतानाही गोळी सुटू शकते, आणि एकामागून एक सुटत जाऊ शकतात. म्हणून जाणकार बोल्ट सुटा करून कानाशी हलवून पाहतात: पिन आत खुळखुळली तर ठीक, नाही तर पुन्हा धुवायला.

कॅनडात हिशेब वेगळा आहे. तिथे २०१० च्या दशकात एसकेएस दोनशे कॅनेडियन डॉलरच्या आसपास मिळे. मॅगझिन कायद्याने पाच काडतुसांपुरती मर्यादित, पण परवाना साधाच. उत्तरेकडच्या आदिवासी समाजांत पोटासाठी शिकार करणाऱ्यांना ती परवडली. मे २०२० च्या आदेशाने एआर-१५ सह सुमारे १५०० मॉडेल्सवर बंदी आली. म्हणजे महाग पर्यायच कायद्याने संपला आणि एसकेएस उरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऑन्टारिओतील इनिसफिल येथे दोन पोलीस एसकेएसने मारले गेले. त्याच वर्षाअखेरीस बंदूक नियंत्रणाच्या सी-२१ विधेयकात तिलाही बंदीत ओढणारी दुरुस्ती आली, आदिवासी नेतृत्वाने आणि शिकाऱ्यांनी कडाडून विरोध केला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने ती मागे घेतली. डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये बंदीच्या याद्या आणखी वाढल्या, पण एसकेएस त्यांतही नव्हती.