कोल्हापूर–मुंबई विमान: ३०७ किलोमीटरला तास का लागतो?

कोल्हापूरहून मुंबई किती लांब, याची तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर. रेल्वेने ५१८ किलोमीटर, कारण गाडी मिरज-पुण्याचा वळसा घेते. महामार्गाने पावणेचारशेच्या आसपास. उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून मुंबई विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली तर साधारण ३०७.

संस्थानकाळात १८९१ ला रेल्वे आली, १९३९ ला विमानतळ झाला. पुढची कित्येक दशकं विमानसेवा कधी सुरू, कधी बंद. नियमित वेळापत्रकाची गोष्ट खऱ्या अर्थाने २०१८ ची, उडान योजनेनंतरची (छोटी शहरं विमानाने जोडण्याची केंद्राची योजना). तेव्हा धावपट्टी होती १,३७० मीटर. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंची आणि वर एप्रिलची दुपार, म्हणजे हवा विरळ आणि उड्डाणाला जास्त धाव. धावपट्टी पुरत नसेल तर वजन कमी करायचं, म्हणजे काही आसनं रिकामी. पुढे ती १,९३० मीटरपर्यंत नेली. एअरबस ३२० सारख्या मोठ्या विमानांसाठी २,३०० चा टप्पा आखला गेला.

सगळा घोळ मात्र 'प्रवासाची वेळ' या शब्दात आहे. एटीआर, म्हणजे पंख्यांवर चालणारं छोटं विमान, ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जातं. म्हणजे ३०७ किलोमीटरला ३७ मिनिटं. मग तिकिटावर तासाभराची वेळ कशी? कारण ती हवेतली वेळ नसतेच. तो ब्लॉक टाइम: इकडे चाकांना लावलेले ठोकळे (चॉक) काढल्यापासून तिकडे परत लावेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतचं सरकणं, वर चढतानाचा कमी वेग, उतरताना घ्यावं लागणारं वळण, मुंबईत जमिनीवरचं लांबलचक टॅक्सिंग, सगळं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीत विमानाला आकाशातच घिरट्या घालायला लावतात. कंपन्या आधीच्या हंगामाचे आकडे बघून ही वेळ ठरवतात, आणि चार मिनिटं हातची राखतात. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं की विमान 'वेळेवर' धरतात, तेव्हा ही उदारता फुकटची नव्हे. पण 'पाऊण तासाचा प्रवास मुद्दाम तासाचा केला' ही तक्रारही अर्धीच खरी. मुंबईची गर्दी कुणी वेळापत्रकासाठी रचलेली नाही.

याच व्याख्येमुळे सुटण्याची वेळ म्हणजे उड्डाणाची वेळ नव्हे. त्या मिनिटाला ठोकळे निघतात. दार त्याआधीच बंद होतं आणि चेक-इन काउंटर त्याच्याही बराच आधी.

दिल्लीचं गणित आणखी फसवं. सरळ रेघेत १,३५० किलोमीटर, पण हैदराबादमार्गे ४४५ अधिक १,२६० म्हणजे १,७०५. दोन्ही टप्प्यांचे ब्लॉक टाइम जोडले तरी हैदराबादेत दुसऱ्या विमानाची वाट बघण्यात गेलेले तास त्यात येत नाहीत.