नवरात्रात सकाळी व्यायामाला येण्याआधी हे वाचा

नवरात्र आलं की आमच्या दांडिया बाजारातल्या व्यायामशाळेत दरवर्षी तेच घडतं. रात्री बारापर्यंत गरबा, दीडला पाठ टेकायची आणि साडेसहाला दारात हजर. म्हणणं एकच, "सर, खाडा नको." व्यायामगुरू जुम्मादादा आणि माणिकरावांच्या बडोद्यात ही जिद्द असायचीच, तिचं आम्हाला कौतुक आहे. पण तीन तास उड्या आणि गिरक्या हा पोटऱ्यांना, गुडघ्यांना पुरेपूर व्यायाम आहे. तो हिशेबात धरा.

ताकद व्यायाम करताना वाढत नाही. ताण पडलेले स्नायू नंतर झोपेत आणि खाल्लेल्या अन्नावर भरून येतात. ती सवड मिळाली नाही तर मेहनत वाढत जाते आणि अंगातला जोर मात्र उतरत जातो.

गेल्या हिवाळ्यात आमचे एक सभासद मॅरेथॉनची तयारी करत होते. बेंचवर 60 किलो सहज उचलणारे, 50 वर अडकायला लागले. मेहनत कमी पडतेय असं वाटून त्यांनी संध्याकाळी कमाटी बागेतल्या फेऱ्या वाढवल्या. मग घरात चिडचिड, रात्री डोळा लागेना, सर्दी हटेना. आम्ही त्यांना उठल्याउठल्या नाडी मोजायला लावली. एरवी 62 असायची, ती 71 भरली. आठ दिवस पूर्ण सुट्टी दिली, नाडी 63 वर आली, मग निम्म्या वजनाने पुन्हा सुरुवात केली.

तुम्हीही मोजा. जाग आल्यावर, चहाच्या आधी, अंथरुणातच. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. आठवडाभर लिहिलंत की तुमचा नेहमीचा आकडा कळेल. एखाद्या दिवशी तो चढला तर काळजी नाही, जागरणानेही चढतो. सलग तीन-चार दिवस सात-आठने जास्त राहिला तर मात्र वजनाला हात लावू नका.

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं आणि ओसरतं, ते ठीक. हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी दुखणं, मंदावलेली भूक, महिलांची चुकलेली पाळी, ही दुखणी अंगावर काढू नका. दोन आठवडे आराम करूनही थकवा गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडला तरी असाच थकवा येतो. आणि जबर व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखान्यात जा. त्यात मूत्रपिंडाला धोका असतो.

आयुर्वेदात अर्धशक्ती सांगितली आहे: कपाळावर आणि काखेत घाम आला, श्वास तोंडाने चालू झाला की थांबायचं. उपवास असणाऱ्यांनी तर नऊ दिवस एवढंच पाळावं. साबुदाण्याच्या खिचडीवर जड स्क्वाट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठका, मारू नयेत, हे आम्ही हात जोडून सांगतो.

गरबा खेळणाऱ्यांनी या नऊ दिवसांत सकाळी झोप घ्यावी. काउंटरवर नाव सांगून ठेवा, तेवढे दिवस तुमच्या फीमध्ये पुढे जोडून देऊ. हजेरीच्या वहीत नाडीचा रकानाही आखला आहे, परत आल्यावर रोज भरा. दसऱ्याला सकाळी सातला मुद्गलांची पूजा आहे, तेव्हा मात्र नक्की या.