कर्बोदके सोडून चरबी उतरते. ती उतरलेली राहते का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऑगस्ट १८६२. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा घरचा व्यवसाय असलेले विल्यम बँटिंग पासष्टीला आले होते. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. वाकून बुटाच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. गुडघ्यांवर भार नको म्हणून जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. त्यांनी होडी वल्हवून पाहिली. भूक तेवढी वाढली. वाफेची स्नाने झाली, औषधे झाली. शेवटी ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते कानाचे सर्जन विल्यम हार्वे यांच्याकडे गेले.

हार्वे यांनी पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांची यकृत, साखर आणि मधुमेह यांवरची व्याख्याने ऐकली होती. मधुमेह्याला साखर आणि पिष्ट, म्हणजेच कर्बोदके, वर्ज्य करतात, तर तोच उपाय लठ्ठपणावर का नको, असा त्यांचा विचार होता. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद झाले. मांस, मासे, भाज्या, थोडे फळ आणि भाजलेल्या पावाचा छोटा तुकडा एवढे राहिले. वर्षभरात बँटिंग यांचे ४६ पौंड वजन उतरले. हा अनुभव त्यांनी १८६३ मध्ये स्वखर्चाने पुस्तिका छापून लोकांना सांगितला आणि तो इतका गाजला की त्यांचे आडनावच क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला आजही ‘बांता’ म्हणतात.

या यादीत लोणी आणि दूधही वर्ज्य होते, हे सहसा कुणी सांगत नाही. आजच्या किटो आहारात (कर्बोदके जवळजवळ बंद, स्निग्ध पदार्थ भरपूर) लोण्याचे गोळे खाल्ले जातात आणि वर बँटिंग यांचा दाखला दिला जातो. खरे तर त्यांच्या ताटातून खाणेच बरेच कमी झाले होते.

‘किटोजेनिक’ हा शब्द आला तो वेगळ्याच दाराने. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या, रुग्णांसाठी असा आहार सुचवला. उपाशी माणसाच्या शरीरात चरबीपासून कीटोन तयार होतात; ती अवस्था उपाशी न ठेवता आणायची, हा त्यामागचा हेतू. वजनाचा तिथे संबंध नव्हता.

वजन कर्बोदके तोडल्याने उतरते की एकूण कमी खाल्ल्याने, हा वाद पुन्हा पेटला १९५६ साली. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले केकविक आणि पवन यांनी लठ्ठ रुग्णांना रोज १००० कॅलरींचेच, पण निरनिराळे आहार दिले. बहुतांश स्निग्ध आहारावर वजन झपाट्याने उतरले, बहुतांश कर्बोदकांच्या आहारावर जवळजवळ हललेच नाही. कॅलरी तेवढ्याच असून असा फरक पडतो, याचा अर्थ कर्बोदकांतच काही दोष आहे, असे अनेकांनी मानले. १९६० मध्ये जॉन युडकिन आणि कॅरी यांनी दुसरी बाजू दाखवली. कर्बोदके तोडा, बाकी हवे तेवढे खा, असे सांगितलेली माणसे प्रत्यक्षात एकूण कमीच खात होती. भात नाही तर त्यावरचे तूपही नाही, पाव नाही तर लोणी लावणार कशाला!

पण मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो १९७६ मध्ये यांग आणि व्हॅन इटाली यांनी प्रसिद्ध केलेला छोटा प्रयोग. सहा लठ्ठ पुरुषांना रोज ८०० कॅलरी. काही दिवस किटो, काही दिवस मिश्र आहार. किटोवर वजन रोज सुमारे ४६७ ग्रॅम घटले, मिश्र आहारावर २७८. इथे कुणीही किटोला विजयी ठरवेल. मात्र त्या घटीत पाणी किती, चरबी किती हे मोजल्यावर चरबी दोन्हीकडे सारखीच निघाली, रोज सुमारे १६५ ग्रॅम. बाकीचा फरक मुख्यतः पाण्याचा होता. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी. कर्बोदके थांबली की आधी हा साठा रिकामा होतो. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो तो यामुळे, आणि लग्नाच्या एका जेवणानंतर तो पुन्हा वर जातो तोही यामुळेच. आपली साधना वाया गेली असे वाटून त्या दिवशी किती जण सगळे सोडून देतात! वास्तविक चरबी तेवढ्याने परत आलेली नसते.

मधल्या काळात १९७२ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट अॅटकिन्स यांच्या पुस्तकाने अमेरिकेत कर्बोदकमुक्तीची लाट आणली, तर १९७७ च्या सिनेट समितीच्या अहवालापासून सरकारी सल्ला तूप-लोणी कमी करण्याकडे झुकला. दोन्ही छावण्या तीस वर्षे एकमेकींवर तुटून पडल्या. दीर्घ मुदतीच्या नीट चाचण्या मात्र आल्या २००३ पासून.

त्या वर्षी गॅरी फॉस्टर यांच्या गटाने ६३ जणांची वर्षभर पाहणी केली. सहा महिन्यांनी लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या, गटाचे वजन ७ टक्के घटले होते, कमी स्निग्ध आहाराच्या दुसऱ्या गटाचे ३.२ टक्के. बारा महिन्यांनी आकडे ४.४ आणि २.५ झाले, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. २००८ मध्ये इस्रायलमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत लो-कार्ब गट ४.७ किलो उतरला, कमी स्निग्ध (लो-फॅट) गट २.९; तिथे लो-कार्ब उजवा ठरला. २००९ मध्ये अमेरिकेत ८११ जणांवर चार आहार तपासले, कर्बोदके ३५ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत. दोन वर्षांनी सगळे सरासरी चार किलोंच्या आसपास. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ६०९ जणांच्या चाचणीत वर्षअखेर लो-कार्बवर ६ किलो, लो-फॅटवर ५.३. एकाच गटात कुणाचे वीस किलोंहून जास्त उतरले, कुणाचे उलट वाढले. जनुके किंवा इन्सुलिन पाहून कुणाला काय लागू पडेल हेही सांगता आले नाही. शिवाय वर्षअखेरीस लो-कार्ब गटाच्या ताटात कर्बोदके सुमारे ३० टक्क्यांवर परतली होती.

कर्बोदकांनी इन्सुलिन वाढते आणि इन्सुलिन चरबी अडकवून ठेवते, या सिद्धान्ताचीही परीक्षा झाली. २०१८ च्या बॉस्टनमधल्या अभ्यासात लो-कार्बवर शरीराचा ऊर्जाखर्च रोज सुमारे २०० कॅलरींनी जास्त दिसला. मापनाच्या पद्धतीवरून तो वाद अजून मिटलेला नाही. उलट २०२१ मध्ये केव्हिन हॉल यांनी २० जणांना रुग्णालयात ठेवून लो-कार्ब आणि लो-फॅट असे दोन्ही आहार दोन-दोन आठवडे हवे तेवढे खाऊ दिले, तेव्हा ७५ टक्के कर्बोदकांच्या आहारावर इन्सुलिन जास्त असूनही लोकांनी रोज जवळपास ७०० कॅलरी कमी खाल्ल्या. याच हॉल यांच्या हिशोबाने, घटलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेला माणूस रोज हजार कॅलरींच्या ओढीशी झुंजत असतो. सहाव्या महिन्यानंतर आलेख वळतो तो इथे, आणि त्याला आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

महाराष्ट्रात इन्सुलिनचा मुद्दा घरोघरी पोचला तो डॉ. श्रीकांत जिचकार आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळच्या जेवणाच्या सल्ल्यातून. त्यात भर किती वेळा खाता यावर आहे. आपल्याकडे कर्बोदके कमी करायला जागा मात्र खरोखर मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, त्यात पांढरा भात, गव्हाचे पीठ आणि साखर यांचा वाटा मोठा. याच पाहणीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासाने नव्या मधुमेह्यांसाठी सुचवलेले प्रमाण ४९ ते ५४ टक्के आहे, प्रथिने १९-२० टक्क्यांपर्यंत वाढवून. किटोच्या तुलनेत हा बदल लहान आहे: ताटात एक पोळी कमी, उसळ जास्त. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर एवढा बदलही आधी डॉक्टरांना सांगून करावा लागतो, कारण औषधाचा डोस जुन्या ताटावर ठरलेला असतो.