तांब्याचा अणू आणि मोरचुदातलं तांबं

अणूचा हिशेब सगळ्यांनाच येतो. अणुअंक जितका तितके प्रोटॉन, आणि तितकेच इलेक्ट्रॉन. तांब्याचा अणुअंक २९, म्हणून तारेतल्या तांब्यात अणूमागे २९ इलेक्ट्रॉन. हे झालं.

घोळ सुरू होतो मोरचुदापाशी, म्हणजे कॉपर सल्फेटपाशी. त्यातलं तांबं २+ प्रभाराचं. पुष्कळ जण अधिक दिसला की २९ मध्ये २ मिळवतात आणि ३१ लिहून मोकळे होतात! बरोबर उत्तर २७. इलेक्ट्रॉन स्वतः ऋण असतो. दोन निघून गेले की २९ प्रोटॉनांसमोर २७ इलेक्ट्रॉन उरतात आणि तेवढा धन प्रभार उघडा पडतो. चिन्ह प्रभाराचं आहे, इलेक्ट्रॉनांच्या आवक-जावकीचं नाही.

त्याहून डोक्यात जातं ते ‘अणूने दोन प्रोटॉन घेतले’ हे स्पष्टीकरण. प्रोटॉन केंद्रकात असतात, रासायनिक क्रियेत ते हलत नाहीत. ३१ प्रोटॉन म्हणजे गॅलियम. मग मोरचूद फवारणाऱ्या निफाडच्या द्राक्षबागांवर गॅलियमच फवारलं गेलं असतं.

बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्याची, परीक्षाच घ्या. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. चुना कमी पडला की तांब्याचे मोकळे आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, उरतात आणि पानं करपतात. म्हणून घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा त्यात बुडवून बघायचा. तांबूस थर चढला तर चुना वाढवायचा. तो थर म्हणजे आयनाचा पुन्हा झालेला अणू: २७ ला लोखंडाने २ दिले, झाले २९. लोखंड २६ वरून २४ वर उतरलं, म्हणजे २+ झालं. प्रोटॉन मात्र जागच्या जागी, २९ आणि २६.

‘धनाला वजा, ऋणाला अधिक’ असं पाठ करू नका, ऐन पेपरात उलटं आठवतं. अणुअंकातून प्रभार चिन्हासकट वजा करा. क्लोराइड: १७ − (−१) = १८. लोहाचा प्रभार मात्र आधी विचारून घ्या. हिराकशीतलं (फेरस सल्फेटमधलं) २+ लोह २४ इलेक्ट्रॉनांचं, फेरिक ३+ असेल तर २३.

सल्फेटचा २− हा अख्ख्या गटाचा, प्रत्येक ऑक्सिजनचा नव्हे. गंधक १६, चार ऑक्सिजन ३२, वर २: एकूण ५०. पडताळा हवा तर मोरचुदातलं पाणी बाजूला ठेवून बेरीज करा: आयनांचे २७ + ५० आणि अणूंचे २९ + ४८, दोन्हीकडे ७७ यायला हवेत.