राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अर्ज : सहा नाटकांचा पुरावा आणि अडणारे इतर कागद

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील तीन वर्षांच्या पूर्णवेळ पदविकेसाठी महाराष्ट्रातून अनेक तरुण रंगकर्मी अर्ज करतात. एकांकिका स्पर्धा गाजवलेली मुलेही कधी कधी प्राथमिक चाचणीच्या आधीच मागे राहतात, आणि कारण विचारले तर अभिनयाऐवजी एखादा कागद पुढे येतो. म्हणून ही माहिती त्या कागदांपुरतीच दिली आहे.

पात्रतेच्या अटी थोडक्यात अशा : मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी, हिंदी व इंग्रजीचे कामापुरते ज्ञान, 18 ते 30 वर्षे वय आणि किमान सहा नाट्यनिर्मितींमध्ये सहभाग. वय अर्ज भरण्याच्या दिवशी किती आहे याला महत्त्व नाही. ते जाहिरातीत छापलेल्या तारखेला मोजतात. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी ही तारीख दोनदा वाचावी.

सर्वाधिक अर्जदार अडखळतात ते सहा निर्मितींच्या अटीवर. येथे निर्मिती आणि प्रयोग यांची गल्लत होते. एकाच एकांकिकेचे पुरुषोत्तम करंडकापासून गावच्या गणेशोत्सवापर्यंत पंधरा प्रयोग झाले असले, तरी ती निर्मिती एकच. सहा वेगवेगळी नाटके किंवा एकांकिका हव्यात. दुसरा पेच पुराव्याचा आहे. आपल्याकडे हौशी आणि महाविद्यालयीन रंगभूमीवर सहभागाचे कागद देण्याची पद्धत फारशी रुजलेली नाही; प्रयोग झाला, पडदा पडला, सेट मोडला आणि गट पांगला, की उरतात फक्त फोनमधली छायाचित्रे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र जोडून काम भागेल असे काहींना वाटते, परंतु ते प्रमाणपत्र संहितेला मिळते. त्यात कोणी काम केले हे सिद्ध होत नाही. उपयोगी पडतात त्या नाव छापलेल्या कार्यक्रमपत्रिका, स्पर्धेच्या आयोजकांनी दिलेली सहभाग प्रमाणपत्रे, भूमिकेचा उल्लेख असलेली वृत्तपत्रीय परीक्षणे आणि दिग्दर्शकाने वा संस्थेच्या पदाधिकाऱ्याने लेटरहेडवर सहीशिक्क्यासह दिलेले पत्र. अशा पत्रात नाटकाचे नाव, प्रयोगाची तारीख व ठिकाण, आणि अर्जदाराने नेमके कोणते काम केले हे लिहिलेले असावे. नेपथ्य किंवा प्रकाशयोजना केली असेल तर तेही स्पष्ट शब्दांत लिहावे. चार वर्षांपूर्वीच्या दिग्दर्शकाला शेवटच्या आठवड्यात शोधत फिरणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांची ती धावपळ पाहवत नाही. प्रयोगाच्या रात्रीच पत्रिकेची एक प्रत बाजूला ठेवणे फार सोपे आहे. पडताळणी हवीच, पण ज्या रंगभूमीतून ही मुले येतात तिथे कागदच तयार होत नाहीत, याची जाणीव या अटीत दिसत नाही, हेही सांगायला हवे.

राखीव जागांसाठीच्या प्रमाणपत्रांचा गोंधळ अधिक नुकसान करतो. विद्यालय केंद्र शासनाच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्यामुळे इतर मागासवर्गीयांसाठी केंद्राची यादी लागू होते आणि प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातले लागते. महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी काढलेला राज्याचा दाखला येथे पुरत नाही. विमुक्त जाती व भटक्या जमाती हा प्रवर्ग राज्याचा आहे. त्यातील ज्या जाती केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात आहेत, त्यांना तसा दाखला काढावा लागतो. राज्याने दिलेले सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाचे आरक्षणही केंद्रीय प्रवेशात चालत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही केंद्राच्याच नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचे असावे. सेतू केंद्रात किंवा तहसील कार्यालयात अर्ज देताना ‘केंद्र शासनाच्या नमुन्यात’ हे शब्द ठासून सांगावेत, कारण तसे न सांगितल्यास बहुधा राज्याचाच दाखला हातात पडतो आणि चूक लक्षात येईपर्यंत मुदत उलटून गेलेली असते.

अर्ज ऑनलाइन भरणे, छायाचित्र व सही चढवणे, शुल्क भरणे ही कामे सरळ आहेत. फक्त दहावीचे प्रमाणपत्र, पदवी आणि आधार यांवरील नाव सारखे आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे. लग्नानंतर बदललेले नाव किंवा वडिलांच्या नावाचे वेगळे स्पेलिंग असल्यास राजपत्रातील नोंद किंवा शपथपत्र तयार ठेवावे.

विद्यालयाच्या वाराणसी, बंगळुरू, गंगटोक आणि अगरतळा येथील केंद्रांमध्ये एक वर्षाचे अभ्यासक्रम चालतात. त्यांचे अर्ज आणि अटी वेगळ्या असतात. दिल्लीचा अर्ज भरला म्हणजे तेथेही नाव गेले, असे समजू नये.

निवड दोन टप्प्यांत होते. प्राथमिक चाचणी देशातील ठरावीक शहरांत होते. त्यातून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावतात. दिल्लीला निघताना मूळ कागदपत्रे प्रवासी बॅगेत न ठेवता अंगाजवळच्या पिशवीत ठेवावीत आणि प्रत्येक कागदाच्या दोन साक्षांकित प्रती वेगळ्या ठेवाव्यात. अभ्यासक्रम पूर्णवेळ असल्यामुळे प्रवेश मिळाल्यावर नोकरी सांभाळता येणार नाही, तेव्हा घरच्यांशी हे बोलणे अर्ज भरण्याआधीच करून घ्यावे.