झटका कुंपण (खान्देश)

रानडुक्कर, रोही (नीलगाय) अशा वन्यप्राण्यांपासून पीक राखण्यासाठी शेताभोवती किंवा जंगलाच्या कडेने ओढलेले, विजेचा क्षणिक धक्का देणारे तारांचे कुंपण. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या तालुक्यांत मका, केळी, भुईमूग, हरभरा यांची शेते रानाला लागूनच असतात. पूर्वी बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी आणि माळ्यावर बसून रात्रीची राखण, एवढाच आधार होता.

झटका मशीन बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते व बॅटरी सौर पॅनेलवर चार्ज होते. तारेत सेकंदाला साधारण एक ठोका सुटतो. दाब हजारो व्होल्टचा असला तरी ठोका निमिषभरही टिकत नाही, त्यामुळे जनावर दचकून फिरते, मरत नाही. डुकराच्या राठ केसांमुळे अंगाला धक्का कमी बसतो. ओल्या नाकाला मात्र सणसणीत लागतो. ते जमीन हुंगत येते, म्हणून सर्वांत खालची तार वीतभर उंचीवरच हवी. रोही उडी मारतो, त्याच्यासाठी वर आणखी तारा लागतात.

खरी कसोटी देखभालीची. तापीखोऱ्यातली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब कलतात, तारा ढिल्या पडतात. धक्का लागायचा तर वीज जनावराच्या अंगातून जमिनीत उतरून अर्थिंगच्या सळईवाटे मशीनकडे परतावी लागते. वैशाखात माती ठणठणीत कोरडी झाली की ही वाट तुटते. सळईच्या बुडाशी पाणी ओतत राहावे लागते. पावसाळ्यात ओले गवत खालच्या तारेला टेकते आणि वीज तिथेच झिरपते. नाल्यावरची तार पुरातल्या काडीकचऱ्याने तुटते, आणि डुकरे नेमकी तिथूनच शिरतात.

कुंपण थेट घरगुती किंवा पंपाच्या लाइनला जोडणे हा गुन्हा आहे. त्यात माणसे आणि गुरे जीवानिशी जातात. कितीही नुकसान झाले तरी हा मार्ग समर्थनीय नाही.

वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. पण एकट्याचे शेत बंद झाले की कळप शेजारच्या बांधावर वळतो. ऑस्ट्रेलियातील डिंगो (तिथला रानटी कुत्रा) अडवणाऱ्या सुमारे ५,६०० किलोमीटरच्या कुंपणावर टप्पे वाटून गस्त घातली जाते. इथेही जंगलकडेने सलग तार ओढून, कोणत्या टप्प्याचे गवत कोणी काढायचे हे पेरणीआधीच गावाने ठरवणे अधिक उपयोगाचे.